खोपटाविषयी नसलेलं पत्र

तुयुक-सू, फेब्रुवारीतला एक थंडगार रविवार

आदरणीय ओरोझाली मामा,

तुमचा भाचा सुयुनबेक छातीवर हात ठेवून आणि कमरेत वाकून सलाम करतो. तुमची तब्येत कशी आहे? गुडघे, पाठ, रक्तदाब आणि राग, सगळं आटोक्यात आहे ना? माणसं आणि जनावरं खुशाल आहेत का, हे विचारल्याशिवाय आपल्याकडे कुठलंच बोलणं पुढे सरकत नाही. पण बिश्केकात नवव्या मजल्यावर तुमच्याकडे जनावर म्हणावं असं काही उरलेलं नाही. म्हणून मी आपला विचारतो की लिफ्ट खुशाल आहे का, हीटर खुशाल आहे का, आणि शेजारणीचं ते स्वेटर घालून फिरणारं कुत्रं अजून जिवंत आहे का (मागच्या खेपेला तुम्ही त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होतात ती नजर मी ओळखतो, लांडग्याकडे बघतानाही तुमची तीच असायची). तुमच्या अस्कातला आणि सूनबाईंना आमचे आशीर्वाद सांगा.

तुम्ही म्हणाल, फोन खिशात असताना हा कागद कशाला काळा केला? मामा, मी फोनवर ‘स्की’ म्हटलं की तुम्ही फोन ठेवता. ‘खोपट’ म्हणायला गेलो तर पहिल्याच अक्षराला ठेवता. कागदाचं तसं नाही. तो ठेवून दिला तरी टेबलावरून माणसाकडे बघत राहतो, आणि कधी ना कधी चष्मा लावून माणूस तो उचलतोच.

तरी आधीच स्पष्ट करतो, म्हणजे तुमचा हात फाडायला शिवशिवणार नाही. हे पत्र पलीकडच्या खोऱ्यातल्या तुमच्या हिवाळी खोपटाविषयी नाही. तो विषय तुम्ही संपवलेला आहे. मामी गेल्या, तुम्ही खोपटाला कुलूप घातलंत, घोडे विकलेत आणि शहरात गेलात. ‘तिच्या घरात परकी माणसं मोजे वाळत घालणार नाहीत’ असं तुम्ही म्हणालात, आणि यावर भाच्याने काय बोलावं? मी काहीच बोलत नाही. मी फक्त आमच्याकडे काय काय घडलं ते कळवतो आहे. त्यात खोपट मधे आलं तर तो माझा दोष नाही. ते वाटेतच बांधलेलं आहे.

तर झालं असं. खाण बंद पडल्यापासून आमच्या गावाचा सगळा भार पाहुण्यांवर आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हे पाहुणे फार दुरून येतात, ते आपल्या डोंगरावर चढायला आणि उतरायला. दोरावरच्या पाळण्यात बसून वर जायची सोय असलेले डोंगर त्यांच्याकडे ढिगाने आहेत, पण ते त्यांना नको आहेत. त्यांना जिथे कुणी गेलेलं नाही तिथे, स्वतःच्या पायांनी, स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून चढायचं असतं. मग वर पोचल्यावर ते पट्टे काढून, घडी करून, पोटाशी ठेवून खाली घसरायचं. सकाळभर चढाई आणि चहा निवायच्या आत उतराई. आईला हे मी पहिल्यांदा समजावलं तेव्हा ती बराच वेळ विचार करून म्हणाली, बिचाऱ्यांची एखादी मेंढी हरवली असेल, सांगायला लाजत असतील.

पुढच्या शुक्रवारी नॉर्वेचे सहा जण येणार आहेत. गावातल्या चार घरांनी गाद्या शिवल्या आहेत, इरिसबेकच्या बायकोने तर नवे पडदेही लावले आहेत. पण त्यांची अट अशी की वाट दोन दिवसांची हवी, एका खोऱ्यातून चढून दुसऱ्या खोऱ्यात उतरणारी, आणि मधल्या रात्री डोक्यावर छप्पर हवं. तशी वाट नसेल तर ते खालच्या गावाकडे जातील. तिथे वाटही आहे, छप्परही आहे आणि गरम पाण्याचा हौदही आहे (हौदाचं पाणी कोमट आहे, पण हे नॉर्वेला कोण सांगणार). तेव्हा वाट आखायची, ती स्वतः चालून बघायची आणि शुक्रवारच्या आत पक्की करायची, हे काम माझ्यावर आणि इरिसबेकवर येऊन पडलं. इरिसबेक म्हणजे आमच्या शेजारचा, खाणीतल्या इलेक्ट्रिशियनचा मुलगा. त्याने शहरात बर्फाचा एक कोर्स केला आहे. तेव्हापासून तो जिथे उभा राहील तिथे फावड्याने खड्डा खणतो आणि आत डोकं घालून थरांशी बोलतो.

वाट आखणं म्हणजे काय असतं, हे मामा, मला या वयात कळलं. जेवण झाल्यावर खाणीच्या कचेरीतला जुना लष्करी नकाशा आम्ही दस्तरखानाच्या कापडावर पसरायचो. चार कोपऱ्यांवर चार वाट्या. नकाशावर सगळ्या रेघाच रेघा. जिथे रेघा एकमेकींना चिकटतात तिथे उतार उभा, तिथे बर्फ तग धरत नाही, तिथून जायचं नाही. जिथे रेघा ऐसपैस बसल्या आहेत तिथून जायचं. उन्हाकडे तोंड केलेला उतार सकाळी लवकर ओलांडायचा. वारा ज्या बाजूने येतो तिच्या उलट बाजूला बर्फ साठतो, त्याच्यावर कधीच भरवसा ठेवायचा नाही. हे सगळं मी आईला समजावत होतो, तर ती बोरसोकसाठी मळलेला कणकेचा गोळा घेऊन आली, परातीत थापला आणि बोटांनी चिमटे काढत काढत तिने आमचं सगळं खोरं उठवलं. धार, खिंड, नाला, सगळं. म्हणाली, हे बघा असं आहे, तुमचा कागद चपटा आहे. इरिसबेकने खिंडीजवळ एक बोट टेकवलं तर त्याच्या हातावर चापट बसली, अन्नाशी खेळतोस म्हणून. (स्वतः एवढा वेळ काय करत होती, हे विचारायची हिंमत कुणाची?) मग ती खिंड आम्ही तळून खाल्ली.

पण मामा, त्या परातीकडे बघता बघता माझ्या अंगावर काटा आला. ज्या डोंगरांच्या पायथ्याशी मी जन्मभर मेंढ्या वळल्या, त्यांच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. उन्हाळ्यात गवत किती आहे ते बघितलं आणि थंडीत दार किती घट्ट लागतं ते बघितलं. आता दुर्बीण लावून अंगणात उभा राहायचो आणि एकेक सुरकुती वाचायचो, तर वाटायचं, हे एवढं मोठं माणूस आपल्या घराशेजारी इतकी वर्षं बसलंय आणि आपण त्याला एकदाही साधा सलाम केला नाही.

आता खरी अडचण सांगतो. नकाशावर आमच्या खोऱ्यातल्या जागांना आकडे आहेत, नावं आमची आहेत. आणि आमच्या घराण्यात डोंगराला नाव लागण्यासाठी पराक्रम करावा लागत नाही, तिथे काहीतरी गमवावं लागतं. बैतेमिर पणजोबांनी जिथे तंबाखूची पिशवी गमावली ती बैतेमिरची धार. आकमात काकांचा बैल जिथून पळाला ती आकमातची खिंड. आणि आमच्या वडिलांनी जिथे घोडा, खोगीर, डावा बूट असं सगळं एका फटक्यात बर्फात घालवलं आणि एका पायावर उड्या मारत घर गाठलं, तो सोलतोबायचा उतार. त्या दिवशी तुम्ही बरोबर होतात आणि उजवा बूटही फेकून दे म्हणजे जोडी तरी राहील असं तुम्ही त्यांना म्हणालात, हे वडील हसत हसत सांगायचे.

आणि आमच्या घरात सुना सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाहीत. माझी बुरुल लग्न होऊन आली तेव्हापासून तिने बैतेमिर, आकमात, सोलतोबाय यांतलं एकही नाव ओठांवर आणलेलं नाही. आईचंही तेच. वडिलांशी तिने जन्मभर संसार केला, त्यांना मातीत ठेवलं, पण त्यांचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. ‘ते’ म्हणायची, फार तर ‘पोरांचा बाप’. अख्खी वाट दोघींनी मिळून आखली, पण कशी? ‘बैल पळाला तिथून वर’, ‘बूट गेला त्याच्या खालून’, ‘तंबाखूच्या डोक्यावरून’. पहिला दिवस आमच्या खोऱ्यात, खिंड ओलांडली की आईचं माहेर, म्हणजे तुमचं खोरं. तिथे तिची जीभ सुटायची. माझ्या माहेरच्या डोंगरांची नावं मी वाटेल तेवढी घेईन, म्हणायची, आणि घ्यायचीही, अगदी दगडाधोंड्यांसकट.

हे सगळं डोळ्यांदेखत चाललेलं असताना आम्ही दोघा शहाण्यांनी काय केलं असेल? वाट चालून बघायच्या दिवशी खाली अंगणात दुर्बीण आणि वॉकी-टॉकी घेऊन बसायचं काम बुरुलला दिलं. तिची नजर गावात सगळ्यांत तेज. वर उभं राहिलेल्याला डोक्यावरचा फुगवटा दिसत नाही, खालच्याला दिसतो, म्हणून काही हललं की तिने सांगायचं. काय हललं ते ती कुठल्या शब्दांत सांगणार, हा प्रश्न आमच्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. इतक्या वर्षांच्या सवयीने आम्हाला ती नावं तिच्या तोंडी नसणं ऐकूच येईनासं झालेलं आहे.

निघालो पहाटे, म्हणजे निघणार होतो. इरिसबेकच्या पट्ट्यांचा डिंक गोठला, ते त्याने चुलीपाशी धरले, तर चुलीला चिकटले. मग बैतेमिरच्या धारेवर त्याने तीन ठिकाणी खड्डे खणले. तिसऱ्या खड्ड्यातून डोकं वर काढून म्हणाला की खालचा थर साखरेसारखा सुटा आहे, मला आवडला नाही. मी म्हटलं, तुला लग्नात कुर्दकचं मटणही आवडलं नव्हतं, चल पुढे. धारेचं टोक गाठलं तेव्हा ऊन समोरच्या कड्याच्या कपाळाला लागलं होतं. आमच्या आखणीप्रमाणे तिथे दोन वाटा. डावीकडे आकमातची खिंड, लांबची पण शांत. उजवीकडे सोलतोबायचा उतार आडवा ओलांडायचा, जवळचा, पण ऊन लागायच्या आत. उशीर तर झालाच होता. आम्ही काठावर उभे राहून वाद घालत होतो, तेवढ्यात वॉकी-टॉकी खरखरली.

बुरुल ओरडत होती. ‘अहो, थांबा! तिकडे जाऊ नका! ते सुटतायत!’

‘कोण सुटतायत?’

‘ते! वर भेग पडलीय, मला दिसतेय, ते निघालेच!’

‘अगं पण कोण ते?’

मागे आई उभी असणार. सासूच्या देखत सासऱ्याचं नाव सुनेने कसं घ्यावं? शेवटी बुरुल एका दमात म्हणाली, ‘ज्यांनी मला लग्नात तपकिरी घोडी दिली ते!’

आता मामा, ती घोडी कुणी दिली यावर आमच्या घरात दोन पिढ्या भांडण आहे, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत? वडील म्हणायचे मी दिली, आकमात काका म्हणायचे माझ्या कळपातली होती. दोघेही आपापल्या परीने दाते म्हणूनच वारले. मी पहिल्यापासून काकांच्या बाजूचा, कारण घोडीचा कान मी स्वतः बघितला होता, खूण काकांची होती. तेव्हा मी काय समजलो? काकांची खिंड सुटतेय. म्हणजे डावीकडे मरण आहे. मी इरिसबेकला म्हटलं, पळ उजवीकडे, आणि माझी डावी स्की उचलून सोलतोबायच्या उतारावर ठेवली. इरिसबेक मला विचारत होता की वर कुणी म्हातारा माणूस अडकलाय का, आपण दोरी आणली नाही.

आणि त्या क्षणी वॉकी-टॉकीतून आईचा आवाज आला.

‘घोडी गेली खड्ड्यात! सोलतोबाय! सोलतोबाय सुटतोय रे, सुयुन! मागे हो!’

मामा, मी मागे झालो नाही. मी मागे पडलो. आईच्या तोंडून वडिलांचं नाव ऐकलं आणि मी होतो तिथेच धारेवर बदकन बसलो. स्की वर, ढुंगण खाली. माझा जीव माझ्या अकलेने वाचला नाही, त्या धक्क्याने वाचला.

आधी आवाज झालाच नाही. समोरच्या पांढऱ्यावर एक निळी रेघ उमटली, डावीकडून उजवीकडे, कुणीतरी बोटाने ओढावी तशी सावकाश. मग रेघेखालचा सगळा उतार, जिथे माझी स्की आत्ता होती तोही, न मोडता, आहे तसा खाली जायला लागला. मग तो तडकला, त्याचे घरांएवढे तुकडे झाले, तुकड्यांचा धूर झाला, आणि तेव्हा आवाज आला. तो कानांनी ऐकायचा आवाज नव्हता मामा, बरगड्यांनी ऐकायचा होता. नाल्याच्या पलीकडची फर वृक्षांची रांग त्या धुरात गेली आणि परत बाहेर आलीच नाही. आम्ही दोघं हातात हात घालून बसलो होतो, लहान मुलांसारखे. मला भीती वाटली हे खरं, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटलं. एवढी मोठी गोष्ट, आणि तिच्या मनात आमच्याविषयी ना राग ना लोभ. मला तिथे नमाज पढावासा वाटला, पण दिशा कुठली तेच आठवेना.

वॉकी-टॉकीवर मी म्हटलं, आई, आहोत आम्ही. मग बुरुल रडत म्हणाली की आई खाली बसल्यात, त्यांनी डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलंय, उठत नाहीत.

आता आलो तसे परतणं शहाणपणाचं होतं. पण लोटाची धूळ बसते न बसते तोच आमच्या बाजूने ढग चढला, आणि बैतेमिरची धार तुम्ही बघितलेली आहे, आंधळ्याने उतरायची ती जागा नव्हे. डावीकडे काकांची खिंड मात्र स्वच्छ, शांत, बैल पळायला अगदी योग्य. तिथून पलीकडे उतार ऐसपैस, आणि उताराच्या तळाशी एकच छप्पर. कुणाचं, ते मी लिहीत नाही, कारण हे पत्र त्याविषयी नाही. आम्ही त्या छपराखाली गेलो आणि रात्र काढली. सगळं जिथल्या तिथे आहे. मामींच्या दोन वाट्या फळीवर पालथ्या होत्या, त्या तशाच पालथ्या आहेत. लोकरीचा जाड शिरदाक गुंडाळून आढ्याला टांगलेला होता, तो आम्ही काढला, पांघरला आणि पुन्हा टांगला. मोजे वाळत घातले नाहीत. पायातच वाळवले.

आणि सकाळी मी त्या खिडकीपाशी गेलो. मामींनी पाडून घेतलेली ती खिडकी, जिच्यावरून दोन्ही खोऱ्यांनी तुम्हाला हसून घेतलं होतं. खिडकी असावी उन्हाकडे, नाहीतर वाटेकडे, म्हणजे कोण येतंय ते दिसतं. ही कुठली बाई, हिने उत्तरेला, थंडीच्या तोंडाला, रिकाम्या डोंगराकडे भोक पाडून घेतलं! मी काचेवरचं बर्फ नखाने खरवडलं. बाहेर अजून अंधार होता आणि त्या अंधारात ते शिखर एकटं उजळलेलं होतं. आधी राखाडी. मग ज्याला नाव नाही असा एक रंग. मग टोकावर एक गुलाबी ठिपका, आणि तो ठिपका खाली उतरायला लागला, घाई न करता, एकेका कड्यावर हात ठेवत. खोपटात गोठवणारी थंडी, श्वास काचेवर गोठत होता, मी पुन्हा पुन्हा खरवडत होतो. इरिसबेक माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि कोर्स केल्यापासून पहिल्यांदाच गप्प राहिला. मामा, मी रडलो. मला कळलं की त्या बाईने चाळीस हिवाळे रोज सकाळी शेण काढायला जायच्या आधी हे बघितलं. ती कधी काही बोलली नाही, आणि आम्ही समजत होतो तिला दिशा कळत नाहीत.

मग आम्ही खोपटापासून खोऱ्याच्या तोंडापर्यंत उतरलो. रात्रीत वीतभर नवं बर्फ पडलं होतं, कोरडं, हलकं, चाळलेल्या मैद्यासारखं. त्याविषयी मी काय लिहू? या वयाचा बाप्या, तीन पोरांचा बाप, वरपासून खालपर्यंत ओरडत आलो. नॉर्वेची माणसं इतक्या लांबून का येतात ते मला कळलं. त्यांची मेंढी हरवलेली नाही.

वाट आता पक्की आहे. खिंडीतून जायची, सोलतोबायच्या वाटेला जायचं नाही, ऊन असो नसो. शुक्रवार जवळ येतोय. फक्त मधल्या रात्रीच्या छपराचं तेवढं राहिलं आहे, पण तो विषय या पत्रात नाही. तब्येतीला जपा, लिफ्ट बंद असेल तर जिने चढू नका.

तुमचा आज्ञाधारक,
सुयुनबेक

ता. क. सगळं जिथल्या तिथे आहे असं वर लिहिलंय, ते बहुतेक खरं आहे. घोड्यांची गव्हाण जिथल्या तिथे नाही. ती आम्ही जाळली. कुंपणाचे काही खांबही. खोगीर जाळलं नाही, त्यावर इरिसबेक बसला आणि ते मोडलं. कुलपाला मी हात लावला नाही, अल्लाची शपथ. ते अजून बंद आहे आणि दाराला आहे. दार भिंतीला नाही.

ता. क. दुसरा. बुरुल खांद्यावरून वाचते आहे. ती म्हणते घोडी सासऱ्यांनीच दिली होती आणि हे मामांना विचारा. मी म्हटलं, मामा असलं काही सांगायला इथे आहेत कुठे?

ता. क. तिसरा. आईविषयी लिहायचं राहिलं, किंवा खरं सांगायचं तर तेच लिहायला बसलो होतो आणि एवढे कागद संपले. आम्ही परत आलो तेव्हा ती आमच्यासमोर येईना. नव्या नवरीसारखी तोंड फिरवून बसली. जेवताना सगळ्यांच्या पाठीमागे बसते. गावात बातमी पसरलीच, बायका तिला चिडवतात, ती हसतही नाही. काल मी गोठ्यात गेलो तर ती गाय पिळत होती आणि धारेच्या तालावर हळूच तेच नाव म्हणत होती. सोलतोबाय, सोलतोबाय. मला बघून थांबली. मग तिनेच सांगितलं. म्हणाली, एकदा तोंडातून गेलं ते आता आत राहत नाही. पण मला त्यांना या नावाने हाक मारता येत नाही, मी कधी मारलीच नाही. या नावाने त्यांना हाक मारणारे सगळे गेले, एक उरलाय, आणि त्याला मी लहानपणी पाठीवर बांधून फिरवलंय, आणि तो नवव्या मजल्यावर हीटरला टेकून बसलाय.

ता. क. शेवटचा. मामा, भाच्याला मामाच्या घरातलं हवं ते तीनदा मागायचा हक्क असतो आणि मामाला नाही म्हणता येत नाही. ‘भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले बरे’ असं म्हातारे उगाच म्हणत नाहीत. पहिल्यांदा मी शिंगरू मागितलं, दुसऱ्यांदा तुमची बंदूक. तिसरी मागणी शिल्लक आहे आणि ती मी आज करतो आहे. खोपट मागतोय असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही. खोपटाचं तुम्ही ठरवा. ‘नाही’ म्हणालात तर नॉर्वेला मी स्वतः खालच्या गावात पोचवून येईन, गाद्यांचं आणि पडद्यांचं काय करायचं ते गाव बघेल. फक्त ते ‘नाही’ त्या खिडकीसमोर उभं राहून म्हणा. मी मागतोय ते तुम्हाला. हे पत्र घेऊन आलेला बाकास बुरुलचा सख्खा भाऊ, म्हणजे आपल्या व्याह्यांकडचा आहे, आणि दारात आलेल्या अशा पाहुण्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. त्याला चहा द्या, पण बसू देऊ नका. गाडी त्याने खाली चालूच ठेवलेली आहे, एकदा बंद पडली की ढकलावी लागते. कोट घाला, मामा. आईला ते नाव एकटीला जड जातंय.